ओकचा राजा पडला त्याची गोष्ट

पेट्रॉकची पाठ धरली आणि राज्य माझ्यावर आलं. पेट्रॉक आमच्या गावचा खाटीक. दर वर्षी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, माळावरच्या दगडांच्या रिंगणात तो ओकचा राजा, म्हणजे उन्हाळा, होतो. भर दुपारी हॉलीच्या काटेरी झाडाचा राजा, म्हणजे हिवाळा, येऊन त्याला मारतो, की दिवस लहान व्हायला मोकळे. ही ड्रुइड, म्हणजे झाडं आणि ऋतू पुजणाऱ्या मंडळींची पूजा. माझी बायको मॉर्वेना त्यांच्यातलीच, आणि यंदाचं पौरोहित्य पहिल्यांदाच तिच्याकडे होतं. पावाची कणीक मळतानासुद्धा ती मंत्र पुटपुटायची. अशात राजाच नाही म्हटल्यावर तिचा चेहरा मला बघवेना.

"मी होतो की राजा," मी म्हणालो. (पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्म काढल्यावर माणसाला असं वाटतं.)

"जागो, तुला फक्त पडायचंय. बोलायचं नाही, हसायचं नाही. पडायचं आणि पडून राहायचं."

"तेवढं येतं मला."

"सोफ्यावर येतं. तिथे लोक बघणार आहेत."

हॉलीचा राजा कोण, हे विचारायचं राहूनच गेलं. त्या दुपारी डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट आणि अंगात पांढरा झगा घालून (उकाडा फार, म्हणून आत काहीच नाही) मी उभा राहिलो. लाकडी तलवार घेऊन समोर आल्या त्या माझ्या सासूबाई, लव्हडे.

"आई, जरा हळू हं," मी कुजबुजलो.

"लग्नाच्या दिवसापासून वाट बघतेय रे," त्या मायेनं म्हणाल्या आणि तलवार उगारली.

पडायचं होतं समोरच्या गवतात. मी दचकून मागे सरलो आणि दगडामागच्या नेटलच्या झुडपात बसलो. नेटलचा पाला नुसता बोटाला लागला तरी आग आग होते. मला तो बोटाला लागला नव्हता.

तरी मी पडून राहिलो. मॉर्वेना उन्हाळ्याला निरोप देत होती, तिचा आवाज जराही कापत नव्हता. मी दात आवळले, मुठी आवळल्या. शेवटी "राजा आता शांत झाला आहे," असं ती म्हणाली आणि मी बोंब मारत ताडकन उठलो.

"पुन्हा मारू का?" सासूबाईंनी विचारलं.

मॉर्वेना क्षणभर पांढरीफटक पडली. मग तिनं दोन्ही हात वर केले. "यंदा उन्हाळ्याला इतक्यात जायचं नाहीये," ती शांतपणे म्हणाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काही म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या.

मधाची दारू फिरू लागली तशी तिनं मला कुंपणाआड ओढलं. मी पालथा पडलो, झगा वर घेतला, आणि ती नेटलची आग शमवणारी डॉकची थंड पानं चोळू लागली.

"चिडलीस?"

"छान पडलास," ती म्हणाली. "उठलास मात्र भयंकर."

तेवढ्यात माळाला प्रदक्षिणा घालत पांढऱ्या झग्यांतली सगळी मंडळी कुंपणाला वळसा घालून आमच्या पुढ्यात आली. मी तोंड गवतात खुपसलं.

"हे काय चाललंय?" कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं.

"भूमीला वंदन," मॉर्वेना म्हणाली. तिचे हात चालूच होते.

एकेक करत सगळे पालथे झाले. जरा वेळानं मागून एक म्हातारा नम्रपणे म्हणाला, "बाई, आम्हीपण झगे वर घ्यायचे का?"

"नको," मॉर्वेना म्हणाली. "तो मान फक्त राजाचा."