बुढी काय म्हणते

मोटारीत ड्रायव्हरशेजारच्या बाकावर जो बसेल त्याला लटारीभाऊ दर दहा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत, "बुढी काय म्हणते?" बुढी म्हणजे त्यांची बायको नव्हे. आम्ही सगळे जिच्यात कोंबलेले असू ती मोटार. उत्तर द्यावंच लागे आणि नुसतं 'बरी आहे' म्हणून सुटका नसे. डावीकडे खुळखुळ आहे, खाली काहीतरी घासतंय, मघाची शिट्टी थांबली, असा साग्रसंगीत अहवाल हवा असे. तोही त्यांच्याकडे तोंड करून. कोणी खिडकीबाहेर बघत बोललं तर म्हणत, "इकडे पाहून सांगा ना जी. बुढीचं दुखणं काय झाडाले सांगता?"

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. स्वातंत्र्याला पाचसात वर्षं झाली होती. मी गोंडपिपरीच्या शाळेत मास्तर होतो आणि आई चांद्याला एकटी राहायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दुपारच्या मोटारीने चांद्याला जाई आणि सोमवारी पहाटे परत येई. मध्ये तीन तासांचं जंगल. वाघ चालत्या मोटारीच्या वाटेला जात नाही, असं सगळे मला समजावत. चालत्या मोटारीची मला भीती नव्हतीच. भीती होती ती बंद पडलेल्या मोटारीची, आणि ही मोटार बंद पडे.

'बंद पडली' असं मात्र लटारीभाऊंसमोर म्हणायची सोय नव्हती. "बंद काऊन पडन? दम खाऊन राह्यली."

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला तो एक ट्रक. चांद्याच्या एका शेठने तो घेतला, वर सागवानी फळ्या ठोकल्या, आत बाकं टाकली आणि लटारीभाऊंच्या हवाली केला. मैल मोजणारा काटा एका आकड्यावर कायमचा बसला होता. "तो मोजून मोजून थकला, बुढी नाई थकली," असं ते अभिमानाने सांगत.

तिला चालती ठेवायला त्यांना दुकानातलं काही लागत नसे. पाण्याची टाकी गळली की तिच्यात मूठभर हळद. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की कपडे धुवायचा साबण मळून लिंपायचा. रस्त्यात ट्यूब फाटली तर जवळच्या शेतातून भाताची तणीस आणून टायरात ठासायची आणि बैलगाडीच्या चालीने पुढचं गाव गाठायचं. स्प्रिंगच्या मोडलेल्या पाट्याला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. एकदा कसलासा वायसर फाटला तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या पायांकडे नजर टाकली. माझी चप्पल नवी होती. तिच्या टाचेतून त्यांनी रुपयाएवढी चकती कापून घेतली. मी तक्रार करायच्या बेतात होतो, पण आम्ही होतो भर जंगलात, आणि तिथे मला चपलेपेक्षा पाय प्रिय होते.

ते स्वतः मात्र अनवाणी. थंडी असो की फुफाटा, पायांत काही न घालता मोटार चालवायचे. शिवाय वागणं थोडं मानी. मोटार चालू असताना अखंड बोलणारा हा माणूस, ती थांबली की तोंड फिरवून कामाला लागे. कोणी काही विचारलं तरी उत्तर नाही. आम्ही म्हणायचो, कारागीर माणूस आहे, तंद्रीत असतो.

त्या साली शेठने नवी कोरी मोटार घेतली. गुबगुबीत बाकं, काचेच्या खिडक्या. ती लटारीभाऊंनीच चालवायची असं ठरलं. लटारीभाऊ नाही म्हणाले. शेठने पगार वाढवतो म्हटलं, तरी नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नवी गाडी बोलत नाई गुर्जी. दुखलं तरी सांगत नाई. एक दिवस सरळ नाल्यात घेऊन जाईन." शेठने होळीनंतर महिनाभराची मुदत दिली. नवी चालवा, नाहीतर घरी बसा. सगळ्या रस्त्यावर हीच चर्चा. लटारीभाऊंचं बुढीवर किती प्रेम, असं म्हणून बायाबापड्या हळहळत. मी मनातल्या मनात शेठच्या बाजूचा होतो.

मुदत संपायला आठवडा राहिला होता. मोहाची फुलं पडायचे दिवस, दुपारचं रणरणतं ऊन. ऐन जंगलात बुढीच्या नाकातोंडातून वाफ निघू लागली. लटारीभाऊंनी तिला थांबवलं, इंजिन बंद केलं आणि बादली घेऊन रस्त्याखालच्या नाल्याकडे निघाले. नाला चाळीसेक पावलांवर. तिथल्या डबक्यात थोडं पाणी उरलेलं, पलीकडे पुरुषभर गवत.

मोटार थांबली की जंगल एकदम कानाशी येतं. आधी काहीच नव्हतं. मग पलीकडच्या झाडावर वानरं भेदरून खकरू लागली. एक, मग दोन, मग सगळीच. माझ्या मागे बसलेला गोंड म्हातारा ताठ झाला आणि हलकेच म्हणाला, "पुल्ली." मला गोंडी येत नाही, पण त्या शब्दाचं मराठी त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"गवतात हाये," तो म्हणाला. "पाण्यावर आला."

आणि पाण्याशी लटारीभाऊ वाकले होते, आमच्याकडे पाठ करून.

आम्ही हाका मारल्या. सगळी मोटार ओरडली. ते आपले शांतपणे ओंजळीने बादली भरत होते. मोहाची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई कौतुकाने म्हणाली, "पाहा बाई, लटारीभाऊ वाघालेबी भेत नाई." मी ड्रायव्हरशेजारच्या बाकावर होतो. हात लांब करून भोंग्याचा रबरी गोळा दाबला. पुन्हा दाबला. त्या भोंग्याचा आवाज अर्ध्या मैलावरच्या बैलांना बुजवायचा. लटारीभाऊंनी मानही वळवली नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा माणूस शूर नव्हता. याला ऐकू येत नव्हतं.

पुढे मी जे केलं ते मी कसं केलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. मोटारीत तीस माणसं होती. त्यांतली निम्मी माझ्यापेक्षा धट्टीकट्टी आणि सगळी माझ्यापेक्षा धीट. पण हाका मारून उपयोग नाही, हे एकट्या मलाच कळलं होतं. मी खाली उतरलो. त्या चाळीस पावलांत मला कुलदैवत आठवलं, आई आठवली, तपासायच्या राहिलेल्या वह्यासुद्धा आठवल्या. वाघ दिसत नव्हता. दिसला असता तर बरं झालं असतं, निदान कुठे आहे ते कळलं असतं. पलीकडचं गवत एका जागी वाऱ्याविना हलत होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकून वळले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. 'वाघ' म्हणायला मी ओठ उघडले, पण घशातून आवाज फुटला नाही. त्यांना तेवढं पुरलं.

"पळू नका," ते म्हणाले. एका हाताने माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातात बादली. गवताकडे तोंड ठेवून आम्ही एकेक पाऊल मागे आलो. हिंदकळून अर्धं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. निदान मी तरी लोकांना तसंच सांगितलं. वाघ शेवटपर्यंत दिसला नाही. आम्ही मोटारीशी पोचलो तेव्हा वानरांचा कालवा नाल्यावरून खाली खाली सरकत गेला, म्हणजे वाघही गेला.

इंजिन धडधडायला लागलं आणि त्या गोंगाटात लटारीभाऊ रस्त्यावरची नजर न काढता बोलले. मागच्यांना त्यातलं अक्षर ऐकू गेलं नसेल.

"दोन वर्षं झाले गुर्जी. हिवतापात डागदरानं कोयनेल देल्लं. लई खाल्लं. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला."

"मग मोटार कशी चालवता?" मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं. त्यांनी ओझरतं पाहिलं.

"पायानं. बुढीचं सारं तळपायाले समजते. उरलं ते तुमी लोक सांगता."

"आणि नवी गाडी?"

"नव्या गाडीत लोक हळू बोलतीन. एका दिवसात समजन साऱ्याइले. इथी कोणालेच काई आयकू येत नाई. इथी मी तुमच्यासारखाच."

"घरी कोणाला ठाऊक आहे?"

"घरी बायको बोलते, मी हो म्हणतो." मग म्हणाले, "पोरीची सोयरीक अशीच जमली. पोरगा चांगला निंघाला, देवाची किरपा."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. दोन वर्षं हा माणूस तीस तीस जीव घेऊन उतारांवरून धावत होता आणि त्याचा एक कान म्हणजे मी होतो, ज्याला खुळखुळ आणि खर्रखर्र यांतला फरकही नीट कळत नाही. चांद्याला उतरताना त्यांनी विचारलं, "सांगान का शेठले?" मी पिशवी उचलून चालू लागलो. रविवारी शेठच्या दुकानासमोर तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. वाघापेक्षा त्या दुकानाच्या पायऱ्यांनी मला जास्त घाम फोडला. सोमवारी मुकाट्याने बुढीत पुढच्या बाकावर बसलो आणि वाटभर तिच्या एकेका स्क्रूचा हिशेब दिला.

पुढच्या शनिवारी गोंडपिपरीला नवी मोटार आली. चालवणारा कोणी नवखा होता. त्यानेच सांगितलं, लटारीभाऊ आपणहून शेठकडे गेले आणि सगळं बोलून मोकळे झाले. शेठने बरंच तोंड सोडलं म्हणे. लटारीभाऊ निवांत उभे होते.

चांद्याला उतरून मी थेट शेठच्या आवारात गेलो. शेठने त्यांना मिस्त्री म्हणून ठेवून घेतलं होतं आणि बुढीला आवारातल्या आवारात लाकडं ओढायला. लटारीभाऊ तिच्या बॉनेटवर तळहात टेकून उभे होते. मी समोर जाऊन विचारलं, "का सांगितलंत?"

"तुमी नाल्यात आले तवा तुमचे हात थरथर कापत होते," ते म्हणाले. "एवढं भेव असून माणूस आला. उद्या असाच कोणी येईन अन् माह्यापायी मरन. लोक हासतीन, एवढंच ना? हासू द्या."

"घरी सांगितलंत?"

"सांगतलं. तिनं तोंड पदरात घातलं. काय म्हणत होती ते मले दिसलंच नाई."

सोमवारी पहाटे मी नव्या मोटारीत बसलो. बाक मऊ होतं, इंजिन गुणगुणल्यासारखं चालत होतं, माणसं घरात बोलतात तशी हळू बोलत होती. लटारीभाऊ समोरची काच पुसत होते. पुसून झाल्यावर माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "नीट जाजा गुर्जी."

ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळी मोटार दचकली. दोन वर्षं बुढीत आम्ही तो आवाज ऐकत होतो आणि कोणालाच तो मोठा वाटला नव्हता. मागे कोणीतरी फिस्कन हसलं. मग सगळेच हसले. लटारीभाऊंना त्या हसण्याचा आवाज आला नाही, पण तोंडं दिसली. त्यांचा चेहरा उतरला आणि फडकं चाचपत ते मागे सरकले.

चारचौघांत हसं होण्याची मला वाघाइतकीच धास्ती. तरी मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि त्यांच्याहून मोठ्याने, साऱ्या चांद्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "येतो लटारीभाऊ, शनिवारी येतो."