तळमजल्यावरच्या दोघी

पेणचे बिल्डर मितेशशेठ यांनी ९६ साली कॉम्प्युटर घेतला तो एजंटांची भांडणं मिटवायला. त्याआधी एकाच गिऱ्हाइकाला तीन एजंट तीनदा घर दाखवत आणि मग शेठच्या टेबलापाशी एकमेकांच्या सात पिढ्या काढत. आता नियम साधा होता. एजंटाने पिवळा फॉर्म भरायचा, ऑफिसातल्या भूमिकाने तो कॉम्प्युटरमध्ये चढवायचा, की ते गिऱ्हाईक त्या एजंटाचं झालं. एकाच घरावर दोन गिऱ्हाइकं आली, तर वाद मिटेपर्यंत कॉम्प्युटर त्या घराला कुलूप लावायचा. भूमिकाला हा प्रोग्राम मनापासून आवडायचा. माणसांपेक्षा तो फार कमी बोलायचा.

दिवाळीच्या तोंडावर तळमजल्यावर उरलेल्या शेवटच्या खोलीला कुलूप लागलं.

"माझं गिऱ्हाईक आधीचं!" पेणचे एजंट हैबतराव म्हणाले. "विमल शिवा म्हात्रे, धरमतरकडची. नवऱ्याची हयात मिठागरात गेली, पाय कामातून गेले बिचाऱ्याचे. जिना चढवत नाय. तळमजलाच पायजे."

"वा वा!" रोह्याचे एजंट गोविंदा उसळले. "माझ्या शकूची गोष्ट तुमच्या बाईला चिकटवता काय? शकू धर्मा भोईर, निडीची. तिच्या नवऱ्याचे पाय मिठागरात गेलेत!"

"निडीत मिठागर कुठं आलं हो? भात पिकतं तिथं."

"नवरा निडीचा नाय, खाडीकडचा हाय!"

"बघा, नवरापण माझ्याच गिऱ्हाइकाचा चोरला!"

भूमिकाने स्क्रीनवर पाहिलं. दोन नावं, दोन गावं, दोन एजंट. कॉम्प्युटरला शंका येण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि कॉम्प्युटरला जी शंका येत नाही ती आपल्याला यावी, इतकं धाडस तिघांपैकी कोणाकडेच नव्हतं.

शेठनी आतून फर्मान काढलं, "शनिवारी बारापर्यंत मिटवा. नायतर खोली मुंबईच्या पार्टीला गोडाऊन म्हणून देतो." त्या दिवशी भूमिकाचा डबा तसाच राहिला. दोन अधू माणसं आणि खोली एक, हे गणित तिला काही केल्या सुटेना.

शनिवारी अकरालाच हैबतराव विमलबाईंना स्कूटरवरून घेऊन आले. पन्नाशीच्या विमलबाई बाकाच्या कडेला बसल्या. मांडीवरच्या पिशवीत नवऱ्याचे दवाखान्याचे कागद होते.

"पोरी, त्या दुसऱ्या बाईच्या घरातपण असंच हाय म्हणतात?"

"हो मावशी."

"मंग ती कुठं जाईल गो?" विमलबाईंचा जीव खरोखरच कळवळला. "तिला येऊ दे. आमी दोघी बसून बोलू. कोणाला जास्त नड हाय ते बायकांना बरोबर कळतं."

"तुम्ही गप बसा," हैबतराव घाईघाईने म्हणाले. "तुमचा असला स्वभाव घात करील आपला."

पावणेबाराला गोविंदा धापा टाकत आले, एकटेच. "शकू निडीला नाय! भाऊ म्हणतो, दसऱ्याला आलेली, परत सासरी गेली. आणि सासरचा पत्ता लिहून घ्यायचा मीच ऱ्हायलो."

हैबतरावांनी विजयी मुद्रेने घड्याळ दाखवलं. तेवढ्यात गोविंदांची नजर बाकाकडे गेली.

"अगो शकू! तू हितं बसलीस? आनि मी तुला गावभर शोधतोय!"

"गोविंददा!" विमलबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"कोण शकू?" हैबतराव ओरडले. "ही विमलबाई!"

"कसली विमल? हिला कडेवर घेऊन फिरलोय मी!"

"लग्नात सासरच्यांनी विमल ठेवलं," त्या ओशाळून म्हणाल्या. "तीस वर्सं झाली."

गोविंदांनी कपाळाला हात लावला. माहेरची पोर म्हणून त्यांनी नाव विचारलंच नव्हतं, आपल्या माहितीचं, बापाच्या नावासकट, भरून टाकलं होतं.

"पण दोन-दोन फॉर्म कशाला भरलेत?" भूमिकाने विचारलं.

"दोन माणसांनी शब्द टाकला की काम पक्कं होतं ना? गोविंददा माहेरचा, हे सासरकडचे. कोणाला नाय म्हणू?"

घड्याळात बाराला सात मिनिटं होती. "एक नाव पुसावं लागेल," भूमिका म्हणाली. "कोणाचं पुसू?"

आता दोन्ही एजंटांना एकदम भलेपणाचा झटका आला. "माहेरचा मान मोठा, माझं पुसा," हैबतराव म्हणाले. "छे, घर सासरच्या गावाजवळ, माझं पुसा," गोविंदा म्हणाले. बघता बघता दोघे पुन्हा हमरीतुमरीवर आले.

"मावशी, तुम्हीच सांगा."

विमलबाईंचे डोळे भरून आले. "शकूला पुसू नको गो. तीस वर्सांनी कोणीतरी कागदावर लिवलंय तिला. पण विमलला पुसलंस तर रेशनकार्डाचं काय?"

भूमिका स्क्रीनकडे बघत राहिली. खरेदीदाराच्या खाली एक रिकामा चौकोन होता: सहखरेदीदार. तिने वर विमल ठेवली आणि खालच्या चौकोनात शकू टाकली. दोन गिऱ्हाइकं, दोन एजंट, घर एक, वाद नाही. बाराला दोन मिनिटं असताना कुलूप निघालं आणि प्रिंटर करकरायला लागला.

संध्याकाळी शिवाने चष्मा लावून तो कागद अक्षर-अक्षर लावत वाचला.

"विमल. शकू. आनि मी कुठं हाय यात?"

"तुमी आमच्याकडं ऱ्हायचं," विमलबाई म्हणाल्या.

शिवा हसला. मग त्याने खालच्या नावावर बोट ठेवलं. "हे नाव लग्नाच्या दिवशी एकदाच ऐकलेलं," तो म्हणाला, आणि थोडा लाजत त्याने हाक मारून बघितली, "शकू गो, जरा चाय ठेव."

विमलबाईंनी चुलीवर पातेलं ठेवलं आणि दोनाच्या जागी तीन कप पाणी ओतलं.