किडा गेलेली पायरी

पाठारे काका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि ओट्याचं वय सांगतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा भिंगच लावून बसले. बायकोला वाटलं, ओटा नीट पुसला नाही म्हणून बघतायत.

"वहिनी, हा कडप्पा झाला ना, तेव्हा पृथ्वीवर डोळे असलेला एकही प्राणी नव्हता."

"बरं झालं. पसारा कुणाला दिसला नसेल," ती म्हणाली.

काकांची सगळी नोकरी मुंबईत, दगडातले कण वेचून त्याचं वय काढण्यात गेली. निवृत्त होऊन बोळिंजला आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहतात. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. काहीही सांगा, काकांचा प्रश्न ठरलेला: "पुरावा काय?" टँकर येतोय म्हटलं तरी पुरावा. मी सोसायटीचा सेक्रेटरी, माझं डोकंच फिरायचं.

तर आम्ही जिन्यातला कोटा काढून चकचकीत टाइल्स बसवायचं ठरवलं. एरवी मीटिंगला न फिरकणारे काका त्या दिवशी येऊन उभे राहिले. "दुसऱ्या मजल्यानंतरची सहावी पायरी काढायची नाही. तिच्यावर किड्याचा माग आहे. पृथ्वीवरच्या पहिल्यावहिल्या किड्यांपैकी."

त्या पायरीवर बोटभर लांब वाकडी रेघ आहे खरी. पण मला शहाणपणा सुचला. म्हटलं, "काका, कडप्पा काय नि हा कोटा काय, दोन्ही प्राण्यांच्याही आधीचे, असं तुम्हीच सांगता. मग किडा आला कुठून? पुरावा काय?"

सगळे खो खो हसले. काका खाली बसले आणि ठराव पास झाला.

मला काही चैन पडेना. संध्याकाळी माफी मागायला वर निघालो, तर काका त्याच पायरीवर बसलेले.

"तू बरोबर बोललास," ते म्हणाले. "ती नुसती भेग आहे. चिखल सुकताना पडलेली. मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग मीटिंगमध्ये कशाला...?"

"हिला दम लागायचा रे. वर येताना दर वेळी इथे टेकायची. एकदा मोठ्या कौतुकाने म्हणाली, 'अहो, इथून काहीतरी चालत गेलंय बघा.' मी हसलो. म्हटलं, तेव्हा चालणारं कुणी होतं कुठे? त्यानंतर तिने मला दगडाचं कधी काही विचारलं नाही. हो म्हटलं असतं तर माझं काय जात होतं?"

माझी मलाच लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

काम सुरू झालं तेव्हा ती पायरी सोडायला मी मिस्त्रीला सांगितलं. मेंबरांचं काय ते मी बघून घेणार होतो.

"इसमें क्या है, साहब?" त्याने विचारलं.

"यहाँ से कीड़ा गया है. बहोत पुराना."

काका वर दारात उभे राहून ऐकत होते. दगडाबद्दल एक शब्द चुकला तर भर लग्नात माणसाला थांबवून दुरुस्त करणारा हा गृहस्थ. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हो. गेलाय."