सिद्धलिंगप्पांच्या ओट्यावरची तोडी

"वीस? अप्पा, दोनशे माणसं बसवून दाखवतो! अन् एकबी मधीच उठणार न्हाई!"

आळंदच्या बाजारात, तुरीच्या पोत्यावर एक पाय ठेवून मृत्युंजयनं ही गर्जना केली तेव्हा हमालसुद्धा थांबून बघायला लागले. त्याचे वडील गुंडप्पा मात्र तळहातावर तुरीचे दाणे घोळवत राहिले. पोराला गाणं शिकायला धारवाडला जायचं होतं, बापाला पोरगं आडतीच्या दुकानात बसायला हवं होतं. सहा महिने घरात याच्यावरून भांडी आपटत होती. शेवटी आज गुंडप्पांनी निकाल लावला होता.

"उद्या वीस माणसं तुझं गाणं ऐकत बसली, तर जा धारवाडला. एक जरी कमी भरलं, तर सोमवारपासून हितं बसायचं, तराजूपाशी. मी सोता येऊन बघणार हाय."

उद्या म्हणजे रविवारी मृत्युंजयच्या समाजसेवेचा नारळ फुटणार होता. मृत्युंजय गाणारा, हर्षिता पेटीवर, सुनीलकुमार तबल्यावर. ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या दारात जाऊन फुकट शास्त्रीय गाणं ऐकवायचं, असं तिघांनी ठरवलं होतं. श्रोत्याला पळून जाता येत नाही, हा या योजनेतला फार मोठा गुण!

पहिला मान सिद्धलिंगप्पा अज्जांना मिळाला. वय शहाऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं, जीभ मात्र शाबूत. मुलगा कामानिमित्त सोलापूरला, घरात सून नागरत्ना. तिनं आनंदानं ओटा सारवून दिला आणि पाहुण्यांसाठी चुरमुऱ्यांचा सुसला करायला ती मागच्या स्वयंपाकघरात गेली.

मृत्युंजयला नुसतं गाऊन भागणार नव्हतं. सत्कार हवा! त्यानं अज्जांना पांढरंशुभ्र धोतर नेसवलं. कपाळभर विभूती ओढली. खुर्चीत लोडाला टेकवून, रस्त्याकडे तोंड करून बसवलं. अज्जा डावीकडे कलंडायला लागले, तेव्हा शालीनं छातीपाशी खुर्चीला बांधून टाकलं. गळ्यात झेंडूचा भलाथोरला हार घातला, समोर उदबत्तीचा पुडाच पेटवला.

"बांधायलास कामून रे? मी काय पळून जायलोय?" अज्जा म्हणाले.

"अज्जा, आता नुसतं डोळे मिटून ऐका."

हर्षितानं जरा मान तिरकी करून बघितलं. "मृत्युंजय, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय रे."

"तुझा षड्ज चुकायलाय. पेटीवर सूर दे!"

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अंगावर पांढरी वस्त्रं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला आधार, समोर उदबत्ती आणि पेटी-तबल्यावर भजन! मृत्युंजय स्वतः लिंगायत. ही रीत त्यानं लहानपणापासून बघितलेली. पण गवई तंबोरा जुळवायला बसला की त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथं रीतभात कुठून आठवणार?

त्यानं तोडी लावली. सकाळची वेळ, विलंबित लय आणि मुळातच रडवेला राग. पहिल्याच आलापाला अज्जांना झोप लागली आणि मान हारात पडली.

तेवढ्यात जोंधळ्याचा डबा डोक्यावर घेऊन गल्लीतली ईरम्मा गिरणीला निघाली होती. तिनं ओट्याकडे बघितलं. डबा खाली, जोंधळे रस्त्यावर!

"अय्यो शिवा! अज्जा गेले की गंss!"

असा हंबरडा फोडून ती ओट्याच्या पायरीवर कोसळली. मृत्युंजयचे डोळे मिटलेले. त्याला शब्द कळले नाहीत, हुंदका तेवढा ऐकू आला. त्यानं एक डोळा किलकिला केला. पहिल्याच आलापाला श्रोत्याच्या डोळ्यात पाणी! त्यानं कोमल गंधार आणखीच लांबवला.

मग काय! दर आवर्तनाला माणसं वाढत गेली. दुकानांची शटरं अर्ध्यावर आली. लोक खांद्यावर टॉवेल टाकून गुपचूप येत, अज्जांच्या पाया पडत, हार घालत आणि मांडी घालून बसत. अज्जा झेंडूत नाकापर्यंत बुडाले.

"लोक पाया पडतायत रे त्यांच्या," हर्षिता कुजबुजली.

"पडू दे! तोडीचा परिणाम हाय."

एका म्हाताऱ्यानं सुनीलकुमारच्या कानाशी लागून विचारलं, "अजून किती वेळ?"

"पाऊण तास तरी," सुनीलकुमार ठेका न सोडता म्हणाला.

म्हातारा समजुतीनं मागं वळला. "बसा. सोलापूरहून पोरगा यायलाय वाटतं."

आणि सगळे बसले. मयत उचलेपर्यंत उठायचं नसतं! मधेच नागरत्ना बाहेर डोकावली. मिरच्यांच्या फोडणीनं तिचे डोळे लालबुंद, नाक वाहतंय. एवढी गर्दी बघून ती हरखली आणि आणखी चुरमुरे भिजवायला आत पळाली. "बिचारी! रडून रडून काय अवस्था झालीय," बायका म्हणाल्या.

बातमी आडतीवर पोचली तेव्हा गुंडप्पांच्या हातातलं माप खाली पडलं. तासाभरापूर्वी ते स्वतः अज्जांना राम राम करून आले होते, म्हातारा ठणठणीत होता! म्हणजे आपल्या पोरानं गाऊन गाऊनच... त्यांना पुढचा विचार करवेना. मळ्यात समाधीचा खड्डा घ्यायला त्यांनी जेसीबी पाठवून दिला, धावत आले, सगळ्यात मागं बसले आणि टॉवेलात तोंड लपवलं.

मृत्युंजयनं समेवर डोळे उघडले, तर समोर दोनशे माणसं! आणि पार शेवटी अप्पा, खांदे हलवत रडताना! ज्या बापानं आजवर त्याच्या रियाजाला 'आरडाओरड' म्हटलं होतं, तो बाप रडत होता! पोरानं मनातल्या मनात बापाला सगळं माफ केलं आणि त्याच भरात एक तान घेतली.

इतक्यात गर्दी दुभंगली. शेजारच्या शेताचा मालक तिप्पण्णा आला. त्यानं अकरा वर्षं सिद्धलिंगप्पांशी अबोला धरला होता. त्यानं येऊन अज्जांचे पाय घट्ट धरले.

"अण्णा, माफी करा! तुमी जिवंत हुता तवर तोंड उघडलं न्हाई मी. बांध मीच सरकवला, अण्णा! दोन हात सरकवला!"

झेंडूच्या ढिगातून आवाज आला, "चार!"

सुनीलकुमारचा ठेका तुटला.

"चार हात सरकवलास, भाड्या! मेल्यावर बी खोटं बोलायलास व्हय?"

पुढचं विचारूच नका! तिप्पण्णा पायरीवरून उलटा गडगडला. ईरम्मा गिरणीच्या उलट्या दिशेनं पळाली. दोनशे माणसांत कुणाच्या चपला कुणाच्या पायात गेल्या, ते गावाला आठवडाभर निस्तरावं लागलं. एकजण सायकल घेऊन जेसीबी थांबवायला सुटला. दोन मिनिटांत गल्ली रिकामी, आणि दारात सुसल्याची परात घेऊन उभी असलेली नागरत्ना!

"अगंबाई, आता हे कुणी खायचं?"

"आण हिकडं," अज्जा म्हणाले. "अन् आधी मला सोड."

मृत्युंजय शालीची गाठ सोडायला धावला. "अज्जा, तुमी... जागे हुता?"

"ईरम्माच्या वरडण्यानंच जाग आली की रे! पण लोकं काय काय चांगलं बोलायलते! शहाऐंशी वर्षांत कुणी बोललं न्हाई. मग डोळे कशाला उघडू?"

तरीही कलावंत तो कलावंतच. "अन् तोडी कशी झाली, अज्जा?"

"तिच्यामुळंच निम्मं ऐकू आलं न्हाई. जरा हळू गा म्हणणार हुतो. पण मेलेलं माणूस बोलंल कसं?"

संध्याकाळी मृत्युंजय आडतीवर गेला, तो मान खाली घालून. तरी त्यानं धीर केला. "अप्पा, दोनशे माणसं हुती. तुमी बघितलात. एकबी उठलं न्हाई."

"बघितलो. जा धारवाडला. उद्याच्या पहिल्या गाडीनं जा."

मृत्युंजयला खरंच वाटेना. "म्हंजी... गाणं पटलं तुमाला?"

गुंडप्पांनी ओस पडलेल्या दुकानाकडे हात केला. दुपारपासून तुरीचं एक पोतं आलं नव्हतं.

"गाणं चुलीत गेलं! गावात बोलायलेत, अज्जा नशिबानं वाचले, पण गुंडप्पाचं पोरगं दारात येऊन आ केलं की घरातलं माणूस जातंय. तू तराजूपाशी बसलास तर हितं शेतकरी येतील का?"