विसातला एक

ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनमध्ये, हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या लॉन बोल्स क्लबची पत्र्याची शेड पाडून नवी इमारत बांधायची होती. त्याला वीसही सदस्यांचा होकार हवा होता, म्हणून वास्तुरचनाकार फिलिपा ट्रेगेन्झाने कॉम्प्युटरमधली अख्खी इमारतच भिंतीवर उभी केली. खिडक्या, छप्पर, पंखे, तिकडच्या भर उन्हाळ्यातलं जानेवारीचं ऊन, सगळं त्यात होतं.

"आत उकडेल का, ते वीट रचण्याआधीच कळतं," ती म्हणाली. "निकाल उत्तम आहे. फक्त पाच टक्के लोक नाराज राहतील."

"पाच टक्के म्हणजे?" अध्यक्ष डेस मलकाहीने विचारलं.

"विसात एक."

डेसने डोकी मोजली. बरोब्बर वीस भरली.

"मग तो एक कोण?"

"तसं नाही हो! हवा कितीही छान असली, तरी त्या गणितात पाच टक्के नाराज धरतातच."

"म्हणजे हिच्या कॉम्प्युटरला नाव ठाऊक आहे," लोर्ना पुटपुटली, "पण पोरगी सांगत नाहीये."

सगळे भिंतीकडे निरखून बघू लागले. पश्चिमेच्या खिडकीपाशी तांबूस डाग होता. तिथे ऊन यायचं.

"ही तर क्लॅरीची जागा!" नेव्हिल ओरडला.

लोर्नाचा नवरा क्लॅरी ताडकन उठला. "माझी? मी काय घोडं मारलंय?"

फिलिपाने घाईघाईने खिडकीवर व्हरांडा ओढला. डाग गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण आकडा पाचच.

"डाग गेला, मग तो माणूस गेला कुठे?" डेसने विचारलं. जो तो आपल्या खुर्चीखाली वाकून बघू लागला. मतदानाला एकही हात वर येईना.

"एक काम करू," डेस म्हणाला. "कुणीतरी नाराज व्हायचं आत्ताच कबूल करा, म्हणजे बाकीचे मोकळे."

एकोणीस माना क्लॅरीकडे वळल्या. बिअर फार गार आहे म्हणून भांडलेला क्लबात तो एकटाच होता.

"चाललो मी!" क्लॅरीने टोपी उचलली. तो गेला असता तर इमारतही गेली असती.

लोर्नाने त्याची बाही धरली. "अरे वेड्या, तुझ्या एकट्याच्या नाराजीवर एकोणीस जणांचं सुख उभं राहतंय. एवढा मान मिळतो का कुणाला?"

"मान असेल तर मी होतो नाराज," नेव्हिल पुढे सरसावला. "माझे गुडघेही दुखतात."

"हट! नाराज मीच!" क्लॅरी गरजला आणि खाली बसला.

ठराव एकमताने मंजूर झाला. फिलिपाने काही सांगायला तोंड उघडलं, मग त्यात मुकाट्याने लॅमिंग्टन केकचा तुकडा कोंबला.

उद्घाटन ऐन जानेवारीत झालं. बाहेर डांबर वितळत होतं. क्लॅरीला मानाने मधोमध बसवलं आणि सगळे त्याच्याभोवती जमले.

"होतोय ना त्रास?" डेसने आशेने विचारलं.

क्लॅरीने गळ्यावरून हात फिरवला, जरा वाट पाहिली, खुर्ची इकडची तिकडे केली. "खरं सांगू? झकास वाटतंय."

"मग तो एक कोण?" कुणीतरी पुटपुटलं. नेव्हिलने हळूच कॉलर सैल केली. लोर्ना पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली. "मला जरा कसंसंच होतंय," म्हणत डेस पश्चिमेच्या खिडकीशी गेला आणि तो तांबूस डाग आठवून लगेच परत आला. केक कापेपर्यंत एकोणीस जण घामाघूम झाले होते.

"अरे, झालंय काय तुम्हाला?" क्लॅरी दुसरी बिअर उघडत म्हणाला. "इतकी छान तर हवा आहे!"