शपथेवर नाही हं!

“आमटीत मीठ कमी आहे. पण हे शपथेवर नाही हं!”

इकडे उत्तरेत, आमच्या विकास नगरातले प्रभुणे घरी जेवतानाही असंच बोलतात. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. अपघातात जखमी झालेल्या माणसाची कमाई किती बुडाली, हे सांगायला कोर्ट त्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावतं. तेव्हापासून शपथ घेऊन बोललेलं तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा!

सब्जीवाला म्हणाला, “बाबूजी, मटर मीठी है,” की यांचं सुरू: “कसम खाओगे?” तो बिचारा आता पलीकडच्या गल्लीतून गाडी नेतो.

गेल्या हिवाळ्यात अमीनाबादच्या रेहानाची केस आली. कुर्त्यांवर चिकनकारीचं भरतकाम करणारी बाई. मोटारीच्या धडकेत तिचा उजवा हात कायमचा निकामी झाला. विमा कंपनी म्हणे, हे घरबसल्या फुरसतीचं काम, त्याची कसली भरपाई?

प्रभुण्यांनी काय करावं? स्वतःच सुई-दोरा घेऊन बसले! गच्चीवर ऊन खात, बोटांना चिकटपट्ट्या लावून. “स्वतः केल्याशिवाय किती वेळ लागतो ते कसं सांगू?” शिकवायला त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. त्यांनी उभा जन्म भरतकाम केलं आणि प्रभुणे त्याला ‘रिकामपणाचे उद्योग’ म्हणत आले. पंधरा दिवसांत यांचं रुमालावर एक फूल झालं, तेही कोबीसारखं.

शेजारी म्हणून साक्षीला मीच त्यांना स्कूटरवर नेलं. कंपनीचे वकील हसत म्हणाले, “प्रोफेसर साहब, यह तो फुरसत का काम हुआ न?”

प्रभुण्यांनी खिशातून रुमाल काढला. “पंद्रह दिन, एक फूल। वकील साहब, मैं भी अपने घर में चालीस साल यही कहता रहा। ग़लत कहता था।”

जजसाहेबांनी ते टाइप करवून घेतलं. पुढे निकालात रेहानाचं काम पूर्ण वेळेचा धंदा धरलं गेलं, तिला भरपाई मिळाली. पण त्या दिवशी मलाच भरून आलं, खोटं कशाला बोलू?

परतताना मागच्या सीटवरून आवाज आला, “घरी यातलं काही बोलू नका हं.”

मी हो म्हटलं. शपथेवर थोडंच म्हटलं होतं! घरी पोचल्यावर प्रभुणे कपडे बदलायला आत गेले आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं.

मटार सोलता सोलता वहिनी थांबल्या. “शपथेवर म्हणाले?”

“शपथेवर.”

“मग खरं असेल,” असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले.