सुबक आणि टिकाऊ दिवाळखोरी

खरं म्हणजे पेंटरना दुकानाच्या दारावर फक्त एक कागद डकवायचा होता. वकिलांनी एवढंच काम सांगितलं होतं आणि एवढं काम कोणीही केलं असतं. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याने केलं असतं, समोरच्या बूटवाल्याने केलं असतं. ज्याला आपल्या घरात डिंक कुठे असतो हे ठाऊक आहे, अशा कुठल्याही माणसाने केलं असतं. पण पेंटरनी तो कागद डकवण्याआधी निरखून बघितला आणि तिथेच सगळं फिसकटलं.

पेंटर म्हणजे बोर्ड लिहिणारे पेंटर. बत्तीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावरच्या दुकानांना नावं दिली होती. (नावं ठेवली होती ती वेगळी. ती फक्त बायकोसमोर.) मग छापील फ्लेक्सचे दिवस आले आणि ब्रशला कोणी विचारेना. तेव्हा पेंटरनी, आयुष्यात पहिल्यांदाच, काळाबरोबर चालायचं ठरवलं. एका फायनान्स कंपनीकडून भलंमोठं कर्ज काढून त्यांनी फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. मशीन आठ महिने चाललं. नवव्या महिन्यात त्याने निळा रंग सोडून बाकी सगळे रंग ओकायचं बंद केलं, आणि एका खाटकाचा बोर्ड संपूर्ण निळा छापून दिल्यावर ते कायमचं गप्प झालं. हप्ते मात्र गप्प बसेनात. कंपनीची माणसं सकाळी पेंटरच्या तोंडात ब्रश असतानाच फोन करायची. (दात घासायचा ब्रश. दुसऱ्या ब्रशला तेव्हा काम नव्हतं.)

घर चालत होतं ते बायकोच्या शिवणयंत्रावर. आणि महिन्यापूर्वी कंपनीचा माणूस घरी येऊन खोलीभर नजर फिरवून गेला होता. त्याची नजर त्या शिवणयंत्रावर जरा जास्तच वेळ थांबली होती. त्या दिवसापासून बायको यंत्रावर चादर घालून झोपायला लागली. जणू काही चादर घातली की जप्तीवाल्यांना ते टेबल वाटणार होतं.

म्हणून हा दिवाळखोरीचा अर्ज. कोर्टाने पेंटरना दिवाळखोर जाहीर केलं, की फोन बंद, तगादे बंद, आणि शिवणयंत्र सुरक्षित. वकिलांनी एक छापील नोटीस हातात ठेवली होती. "सुनावणीच्या आधी सात दिवस ही दुकानावर लावलेली पाहिजे," ते म्हणाले होते. "कोणाचं काही येणं असेल तर त्याला कळावं म्हणून. डकवा आणि विसरून जा."

पेंटर नोटीस हातात धरून दुकानात उभे राहिले. अक्षर बारीक. दुसरी ओळ पहिलीपेक्षा वाकडी. 'दिवाळखोरी' हा शब्द दोन ओळींत तोडलेला, 'दिवाळ' वर आणि 'खोरी' खाली.

"काय बघताय एवढं?" डब्यातून डिंक आणलेल्या बायकोने विचारलं.

"अगं, हे वाचणार कोण?"

"कोणी न वाचलेलंच बरं. लावा."

"दुकान माझं, दिवाळं माझं," पेंटर म्हणाले, "आणि अक्षर दुसऱ्याचं? मोठ्या अक्षरात लिहिली तर काही गुन्हा आहे का?"

"अहो, वकील म्हणाले डकवा. लिहा नाही म्हणाले."

"लिहू नका असंही नाही म्हणाले." आणि नवऱ्याचा आवाज असा लागला, की बायको डिंक घेऊन घरी जाते. ती गेली.

पेंटरनी कोपऱ्यातला सहा फुटी पत्रा काढला. कोणी तरी बोर्ड करायला देऊन चार वर्षं न्यायला आलेलं नव्हतं. त्याच्यावर पांढरा हात मारला, दोरी धरून रेघा आखल्या आणि बसले. मजकूर शब्दाला शब्द तोच ठेवला, त्यात पेंटर प्रामाणिक होते. पण 'दिवाळखोरी' या शब्दाला खालून लाल आणि वर जाता जाता नारिंगी रंग दिला. उजवीकडे काळी सावली टाकली, वेलांटीवर पांढऱ्या रंगाची चमक मारली. सगळ्या बाजूंनी वेलबुट्टीची चौकट काढली. दोन वर्षांत हात इतका मोकळा चालला नव्हता. बोर्ड पूर्ण झाला तेव्हा पेंटरना चक्क आनंद झाला. दिवाळखोरीच्या अर्जदाराला आनंद होऊ नये असा काही नियम आहे का, हे त्यांनी वकिलांना विचारलं नव्हतं.

आणि मग, बत्तीस वर्षं प्रत्येक बोर्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात जे लिहायचे, ते हाताने आपलं आपणच लिहून टाकलं.

रात्रीच बोर्ड दारावर टांगला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर बाहेर नऊ माणसं उभी. पेंटरनी पुन्हा एकदा मोजली. आपण नऊ जणांचं देणं लागतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"किती टक्के?" सर्वांत पुढच्या बाईंनी विचारलं.

"कसले टक्के?"

"सूट हो. एवढा मोठा बोर्ड लावलाय म्हणजे सूट असणारच."

"बाई, दिवाळखोरी आहे."

"हो, पण किती दिवस?"

"सात."

"मग आज पहिलाच दिवस. चांगला माल असेल." बाई सरळ आत शिरल्या आणि एक स्टूल, दोन रिकामे डबे आणि टर्पेंटाइनची बाटली उलटसुलट करून बघून, "यापेक्षा मागच्या रस्त्यावर बरं मिळतं," असं म्हणून निघून गेल्या.

गर्दी पांगली, पण बूटवाला रेंगाळला. तो बोर्डापाशी मान वाकडी करून उभा होता.

"पेंटर, हे हाताने काढलंत?"

"नाही, पायाने."

"तसं नव्हे हो. माझा फ्लेक्स बघा, एका उन्हाळ्यात 'बूट' उडाले, नुसतं 'हाऊस' राहिलंय. लोक भाड्याने खोली आहे का विचारायला येतात. मला असा करून द्या. अशीच सावली पाहिजे."

नाही म्हणायला हवं होतं. सुनावणीपर्यंत दुकान बंद ठेवा, कमाई शून्य आहे ती शून्यच राहू द्या, असं वकिलांनी तीनदा बजावलं होतं. पण 'अशीच सावली पाहिजे' हे वाक्य पेंटरनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली आणि, बायको बघेल म्हणून, प्रायमरच्या डब्यात ठेवली. दुपारी केस कापणारा आला. मग औषधवाला आला. औषधवाल्याने मजकूर वाचला होता, त्यामुळे त्याने आधी डोळे पुसले आणि मग ऑर्डर दिली. प्रायमरचा डबा कमी पडला तेव्हा पेंटरनी वॉर्निशचा रिकामा केला.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी वकील घरी आले. तालीम करायची होती. बायकोने चहा ठेवला, शिवणयंत्रावरची चादर नीट केली आणि दाराशी बसली.

"विचारलं तेवढंच बोलायचं," वकील म्हणाले. "हो किंवा नाही. समजा मीच न्यायाधीश आहे. तुमचा धंदा चालतो का?"

"नाही," पेंटर म्हणाले. खालच्या मानेने, खालच्या आवाजात. चांगलं जमलं.

"उत्तम. गेल्या सहा महिन्यांत काही उत्पन्न?"

पेंटरनी 'नाही'साठी तोंड उघडलं आणि दार वाजलं. लॉन्ड्रीवाला आत डोकावला.

"पेंटर, माझा बोर्ड वाळला का हो?"

चहा उतू गेला, तो कोणाला दिसला नाही.

"हे कोण?" वकिलांनी विचारलं.

"हे ना?" बायको पटकन म्हणाली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा ठाऊक होता. "हे यांचे घेणेकरी. पैसे मागायला येतात बिचारे."

"बरोबर, पैशांसाठीच आलोय," लॉन्ड्रीवाला म्हणाला आणि खिशातून नोटा काढून त्याने पेंटरच्या हातावर ठेवल्या. "हे उरलेले. मोजून घ्या."

तो गेला. वकिलांनी पेंटरच्या हातातल्या नोटांकडे बोट दाखवलं.

"तुमचे घेणेकरी पैसे देऊन जातात?"

मग प्रायमरचा डबा आला. मग वॉर्निशचा आला. बायकोने जमिनीवर बसून नोटा मोजल्या, वकिलांनी कागदावर लिहून घेतल्या. अकरा बोर्डांचे पैसे निघाले. मशीनने आठ महिन्यांत मिळवले नव्हते तेवढे पेंटरच्या दिवाळखोरीने सहा दिवसांत मिळवले होते.

"हे दडवून..." पेंटरनी चाचरत सुरुवात केली.

"कोर्टात खोटं बोलायचं नाही," वकील म्हणाले. "मी फक्त म्हणत होतो, की तुमचं खरंच शून्य असावं. साधं शून्य! त्यासाठी काही करावं लागत नाही. नुसतं घरी बसायचं असतं."

ते गेल्यावर बायको उठली आणि तिने यंत्रावर दुसरी चादर घातली. ती ओरडली असती तर पेंटरना बरं वाटलं असतं. आपल्या हौसेपायी हिचं यंत्र जाणार, या विचाराने ते ताटावरून उठले. एका सावलीपायी! ती सावली चांगली जमली होती, हा भाग वेगळा.

कोर्टात न्यायाधीशबाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा असा, की त्यांच्यासमोर माणसाने न केलेलं सुद्धा कबूल करावं. पेंटरच्या वकिलांनी अर्ज वाचला, अकरा बोर्डांची रक्कम स्वतःहून सांगितली आणि ते खाली बसले. मग कंपनीचा वकील उठला. त्याने एक मोठा फोटो पुढे केला.

"मॅडम, ही यांची दिवाळखोरीची नोटीस. खाली डाव्या कोपऱ्यात बघावं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "आमच्याकडे सर्व प्रकारचे बोर्ड सुबक, टिकाऊ व माफक दरात लिहून मिळतील." आणि पुढे फोन नंबर.

मागच्या बाकांवर कोणी तरी खुदकन हसलं. शिपायाने खोकल्यासारखं केलं. पेंटरच्या वकिलांनी हातातल्या फायलीत तोंड घातलं.

"हा माणूस कोर्टाची नोटीस लावून धंदा करतो," कंपनीचा वकील म्हणाला. "याचा अर्ज फेटाळावा. हा दिवाळखोर नाही, हे मी सिद्ध करून दाखवतो. याच्याकडे कमाई आहे, गिऱ्हाईक आहे, हातात कला आहे!"

पेंटरना भरून आलं. बत्तीस वर्षांत त्यांच्याबद्दल भर सभेत इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

"हे तुम्ही लिहिलंत?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

हो किंवा नाही, असं ठरलं होतं. "हो, बाईसाहेब," पेंटर म्हणाले. इथे थांबायला हवं होतं. "पण फोटोत रंग नीट आलेला नाही. प्रत्यक्षात लाल जास्त खुलतो. आणि ते खालचं मुद्दाम नाही लिहिलं. हात चालूच राहिला."

"आणखी काम मिळेल?"

पेंटरनी मागे बघितलं. बायको पदराचं टोक बोटांना गुंडाळत बसली होती. त्यांना तिच्याकडे बघवेना. 'नाही' म्हटलं तर कदाचित यंत्र वाचेल, एवढं त्यांना कळत होतं. पण त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न अक्षराचा होता, आणि अक्षराबद्दल खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"मिळेल, बाईसाहेब. काल बेकरीवाला येऊन गेला."

वकिलांनी डोक्याला हात लावला.

"ज्याला फेडता येत नाही तो दिवाळखोर," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ज्याच्या दिवाळखोरीच्या नोटिशीवरच अकरा ऑर्डरी येतात, त्याला मी दिवाळखोर कसं म्हणू? अर्ज नामंजूर." कंपनीचा वकील हसला. "थांबा. कमाई आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. तेव्हा बंद पडलेलं मशीन तुम्ही परत घ्या, त्याची किंमत वजा करा, आणि उरलेलं यांनी जमेल तसं महिन्याच्या हप्त्याने फेडावं. हप्ते येतायत तोवर घरातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. शिवणयंत्रालासुद्धा."

कंपनीच्या वकिलाचं हसू अर्धं तोंडावरच राहिलं.

बाहेर खिडकीशी कारकुनाने हुकमाची प्रत पुढे केली. पेंटर सही करायला वाकले आणि सहीला सावली टाकून होईपर्यंत वाकलेलेच राहिले.

"अहो काका," कारकून वैतागून म्हणाला, "माझी जेवायची सुट्टी संपत आली."

पायऱ्यांवर बायको थांबली होती. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा हसरा होता. पेंटरना ते दिसलं नाही, कारण ते फोनवर होते. सगळ्या दुकानदारांना निकाल कळवायचा होता. बातमी सांगून त्यांनी फोन कानावरून काढला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"काय झालं? कोण होतं?"

"बूटवाला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या खेपेला कोणाचंच होत नाही. मन लावून प्रयत्न करा, पुढच्या वर्षी नक्की दिवाळखोर व्हाल."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

पेंटरनी फोन खिशात घातला.

"सवयीने 'तुमचा आशीर्वाद असू द्या' म्हणून गेलो."